असईची लढाई टेबलावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी जेवणाचं मोठं टेबल रिकामं होतं आणि त्यावर छोट्या सैनिकांनी २३ सप्टेंबर १८०३ ची दुपार, म्हणजे मराठे आणि इंग्रज यांची असईची लढाई, मांडली जाते. खेळायला येणारे, नुसते बघायला येणारे आणि लग्नकार्यात गाठून विचारणारे, सगळ्यांचे प्रश्न बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा खेळ नेमका आहे तरी काय? बुद्धिबळासारखा, की दिवाळीतल्या किल्ल्यासारखा?

दोन्हींचा अंश आहे. दिवाळीत आपण माती आणून किल्ला करतो, त्यावर मावळे मांडतो आणि चार दिवस बघत बसतो. इथे मांडलेले सैनिक हलतात. किती हलायचं ते इंचाच्या टेपने मोजायचं, गोळी लागली की नाही ते फाशाच्या दानाने ठरवायचं. बुद्धिबळात हत्ती सांगितला तसा जातो. इथे पलटणीला हुकूम दिला तरी ती तो मानेल याची खात्री नसते, आणि खऱ्या सेनापतीलाही ती नव्हती. अशा खेळाला प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठा मान मिळाला. तिथले अधिकारी नकाशावर ठोकळे सरकवून युद्धाचा सराव करत आणि मध्ये पंच बसलेला असे. आमच्याकडेही पंच असतो (प्रश्न ९).

२. नेपोलियनच्या काळातली लढाई म्हणता, मग वॉटर्लू का नाही? असईत नेपोलियन कुठे होता?

नेपोलियन नव्हता, पण काळ त्याचाच आहे. ब्रिटनने फ्रान्सविरुद्ध पुन्हा युद्ध पुकारलं ते मे १८०३ मध्ये, आणि असई त्याच वर्षीच्या सप्टेंबरात झाली. बंदुका त्याच, तोफा त्याच, रांग, कॉलम आणि चौकोन या रचनाही त्याच. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दोन्हीकडे आहे. १८ जून १८१५ ला वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. म्हातारपणी त्याला विचारलं गेलं, की लढाईत तुमच्या हातून झालेलं सगळ्यात उत्तम काम कोणतं? त्याने असईचं नाव घेतलं. वॉटर्लूही आम्ही मांडतो आणि नियम जवळजवळ हेच चालतात. पण लष्कर भागात राहून असई सोडून बाकी सगळं खेळणं मला पटत नाही.

३. लढाई थोडक्यात सांगाल का? शाळेत एका ओळीत उरकली होती.

दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांचं एकत्र सैन्य आजच्या जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात उतरलं होतं. वेलस्लीकडे म्हैसूर आणि पेशव्यांचे स्वार धरून साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं. पेशव्यांचे स्वार इंग्रजांच्या बाजूने होते हे अनेकांना पहिल्यांदाच कळतं. शिंद्यांकडे कवायती, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेलं, पायदळ सुमारे १०,८०० आणि तोफा शंभरावर. शिवाय बिनकवायती पायदळ आणि कित्येक हजार घोडदळ.

कवायती पायदळाचे तीन कंपू (ब्रिगेड) होते. पोलमन या हॅनोव्हरच्या जर्मन अधिकाऱ्याकडे ८ पलटणी, सरधन्याच्या बेगम समरूच्या ५ पलटणी सालेरच्या हाताखाली, आणि ड्यूपाँकडे ४. समोरून केळना ओलांडणं अशक्य, वाटाड्ये म्हणाले उतार, म्हणजे नदी चालत ओलांडता येईल अशी जागा, नाही. वेलस्लीने पाहिलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत, आणि ताडलं की त्यांच्यामध्ये ये-जा असणारच. उतार निघाला. वेलस्ली पूर्वेकडून बाजूवर चालून आला. पोलमनने आपली अख्खी रांग काटकोनात फिरवून त्याच्यासमोर उभी केली. नदीपासून असई गावापर्यंत तोफांची भिंत उभी राहिली. संध्याकाळपर्यंत मैदान इंग्रजांचं झालं, पण त्यांचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले होते. ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या.

४. किती सैनिक लागतात? माझ्याकडे सगळे मिळून पन्नास आहेत.

आम्ही १५ मिलिमीटरच्या फिगर वापरतो आणि एक फिगर म्हणजे ४० माणसं धरतो. एका पलटणीत १६ फिगर, चार-चारच्या ४ बेसवर (बेस म्हणजे फिगर चिकटवायची पुठ्ठ्याची पट्टी). कवायती १७ पलटणींच्या झाल्या २७२. वेलस्लीच्या बाजूला ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलंडर (स्कॉटिश) पलटणी आणि मद्रासच्या पाच, म्हणजे ११२. घोडदळाच्या चार रेजिमेंट प्रत्येकी ८. तोफांचं एक मॉडेल म्हणजे साधारण सहा तोफा, तेव्हा शिंद्यांकडे १६ मॉडेल, इंग्रजांकडे ३.

पन्नास असतील तर हिरमुसू नका. फक्त इंग्रजांची उजवी बाजू मांडा, ७४ वी पलटण आणि असई गाव. दोन तासांचा सुंदर डाव होतो. किंवा एका फिगरला १५० माणसं धरा.

५. या फिगर मिळतात कुठे? फार महाग पडतं का?

युरोपातल्या सैन्याच्या प्लॅस्टिक फिगरचे डबे ऑनलाइन सहज मिळतात. मराठ्यांच्या फिगर कमी लोक बनवतात, बाहेरून मागवाव्या लागतात आणि कस्टमचा खर्च धरावा लागतो. हल्ली थ्री-डी प्रिंट करून देणारे शहरोशहरी झाले आहेत, तो मार्ग स्वस्त. सगळ्यात स्वस्त म्हणजे कागदी फिगर. जाड कागदावर छापायच्या, मधोमध दुमडून चिकटवायच्या.

बेससाठी पैसे घालवू नका. जुन्या लग्नपत्रिका घ्या. तो पुठ्ठा कडक असतो आणि वाकत नाही. दोन थर फेविकॉलने चिकटवून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा.

६. रंगवताना रंग ब्रशवरच वाळतो. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, आपला मे महिना तसा आहे. पसरट डब्यात ओला स्पंज ठेवा, वर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर घ्या. दोन-तीन तास ओला राहतो. रंगवायची वेळ सकाळी सातच्या आत. लू सुटली की खिडकी बंद, नाहीतर ओल्या फिगरवर धूळ बसते आणि ती निघत नाही.

पावसाळ्यात उलट अडचण. मॅट वार्निशचा स्प्रे दमट हवेत मारला तर फिगरवर पांढुरकं धुकं चढतं. माझी ७८ वी पलटण अशीच एका ऑगस्टच्या दुपारी पांढरी पडली आणि सोळाच्या सोळा फिगर पुन्हा रंगवाव्या लागल्या. वार्निश ऑक्टोबरपर्यंत थांबू शकतं.

रंगांबद्दल एकच सांगतो. शिंद्यांच्या कवायती पलटणी आम्ही लाल कोट आणि निळ्या पागोट्यात रंगवतो. इंग्रजांचे आणि मद्रासचे शिपाईही लाल कोटात, त्यामुळे लांबून गोंधळ होतो. म्हणून बेसच्या मागच्या कडेला शिंद्यांसाठी भगवी रेघ आणि कंपनीसाठी काळी. ७४ वीच्या कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या पांढऱ्या, ७८ वीच्या फिकट पिवळसर, हे एवढं अचूक करा. लढाईत या दोन पलटणींचं नशीब फार वेगळं आहे.

७. मैदान कसं बनवायचं?

टेबल ६ फूट बाय ४ फूट पुरे. एक इंच म्हणजे ५० यार्ड. दोन नद्यांमधली लढाईची जागा जेमतेम मैलभर रुंद, म्हणजे ३५ इंच. खाली जुनी गडद हिरवी चादर. सप्टेंबर आहे, पाऊस नुकताच होऊन गेला आहे, तेव्हा मैदान पिवळं करू नका. मराठवाड्याची काळी माती दाखवायला वापरलेली चहापत्ती उन्हात खडखडीत वाळवून फेविकॉलवर भुरभुरवा. याहून चांगली काळी जमीन मला विकतच्या सामानात मिळालेली नाही.

नद्यांचे काठ उंच दाखवा, कारण लढाईचं सगळं गणित तिथे आहे. उतार सोडून कुठेही तोफ नदी ओलांडू शकत नाही. काठ थर्मोकोलचे करत असाल तर स्प्रेचा डबा त्याच्या आसपास आणू नका. त्यातलं द्रावण थर्मोकोल खातं. आधी फेविकॉल आणि पाण्याचा लेप द्या, वाळला की हाताने ब्रशने रंगवा. असई गाव मातीचंच करा, दिवाळीच्या किल्ल्याच्या मातीचं, आणि भोवती कूस घाला.

८. चाल आणि मारा यांचे नियम अगदी थोडक्यात?

एक खेळी म्हणजे पंधरा मिनिटं, आणि डाव १२ खेळ्यांचा. पायदळ एका खेळीत ६ इंच, घोडदळ १२. बंदुकीचा पल्ला २ इंच. तोफ लांबवर २४ इंचांपर्यंत गोळा टाकते आणि ६ इंचांच्या आत छर्रा.

बंदुकीला प्रत्येक बेसमागे एक फासा, ५ किंवा ६ चं दान पडलं की फटका. लांबच्या गोळ्याला एका मॉडेलचा एक फासा, दान तेच. छर्ऱ्याला तीन फासे आणि ४ पासून पुढे फटका. दोन फटक्यांना एक बेस उचलायचा. निम्मे बेस गेले की हिमतीचा फासा : १-२ पलटण पळाली, ३-४ मागे सरली, ५-६ टिकली. हायलंडरांना दानात एक अधिक.

शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि मद्रासच्या पलटणी यांना मी अगदी समान धरतो. काही लोकांना हे खटकतं, मराठी बाजू दुबळी दाखवायची सवय झालेली असते. पण शिक्षण त्याच पद्धतीचं, हत्यारं तोडीस तोड, आणि तोफखाना तर इंग्रजांपेक्षा सरस होता. समान धरलं नाही तर असई समजतच नाही.

९. किती जण लागतात? दोघांत होईल का?

दोघांत होतं, पण खरी लढाई पाच जणांत आणि एका पंचासह दिसते. वेलस्ली एकटा. समोर चौघे : पोलमन, सालेर, ड्यूपाँ आणि असई गावातला सरदार. या चौघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचं, आणि पंच ती एक खेळी उशिरा पोचवतो. पोचायच्या आधी फासा टाकतो, १ पडला तर चिठ्ठी वाटेतच हरवली.

एका रविवारचं सांगतो. कॉलेजात शिकणारा एक मुलगा सालेर खेळत होता. त्याच्यासमोर मोकळं रान होतं आणि पुढे गेला असता तर मद्रासच्या पलटणी बाजूने सापडल्या असत्या. त्याने पोलमनला चिठ्ठी लिहिली, ‘पुढे जाऊ का?’ उत्तर आलं तेव्हा दोन खेळ्या गेल्या होत्या आणि मोकळं रान भरलं होतं. उत्तर होतं, ‘जा.’ त्याने ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. नंतर म्हणाला, काका, आता कळलं. मैदानावर दौलतराव आणि रघूजी शेवटपर्यंत थांबले नव्हते. वेगवेगळ्या कंपूंना एका हाताने चालवणं सोपं नव्हतं. हे पुस्तकात वाचून समजतं, पण ती दोन खेळ्यांची वाट पाहिली की अंगाला लागतं.

१०. शिंदे जिंकू शकतात का, की सगळं आधीच ठरलेलं आहे?

जिंकू शकतात, आणि आमच्या टेबलावर जिंकलेही आहेत. पहिल्या दोन खेळ्या निर्णायक असतात. वेलस्लीची पहिली पलटण उतारावरून वर आली की पोलमनला रांग फिरवायला सुरुवात करता येते. त्याच्या स्वतःच्या कंपूला २ किंवा अधिक, बाकीच्या दोघांना ३ किंवा अधिक दान हवं. दान चुकलं तर तो कंपू नदीकडेच तोंड करून एक खेळी उभा राहतो. वेलस्लीची अपेक्षा होती की एवढं सैन्य इतक्या लवकर फिरणारच नाही. ते फिरलं. म्हणून मी हे दान सोपं ठेवलं आहे.

जय-पराजय असा मोजा. इंग्रजांनी निम्म्याहून जास्त तोफा घेतल्या आणि डावाच्या शेवटी त्या त्यांच्याच ताब्यात आहेत, तर ते जिंकले. पण त्यांचे निम्मे बेस गेले असतील तर तोफा घेऊनही डाव शिंद्यांचा. एवढी माणसं गमावून परमुलखात, रसद लांब असताना वेलस्लीला पुढची मोहीम करता आली नसती.

११. तोफा एकदा घेतल्या की मॉडेल उचलायचं ना? तुम्ही ते आडवं का ठेवता?

हा आमचा सगळ्यात महत्त्वाचा अपवाद आहे, घाई करू नका. इंग्रजांची रांग संगिनी रोखून तोफांवरून पुढे गेली. गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले होते. रांग पुढे सरकताच ते उठले, तोफा वळवल्या आणि त्याच रांगेच्या पाठीत मारा सुरू केला. वेलस्लीला ७८ वी पलटण आणि मद्रासच्या ७ व्या घोडदळाला घेऊन स्वतः मागे यावं लागलं आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या.

म्हणून मॉडेल आडवं ठेवायचं. शत्रूची शेवटची फिगर ३ इंच पुढे गेली की त्या तोफेसाठी फासा टाका, ५ किंवा ६ पडला तर ती उभी राहते आणि पाठीमागे छर्रा सोडते. प्रत्येक तोफेला ही संधी एकदाच. इंग्रजांना ती टाळायची असेल तर एक पलटण एक पूर्ण खेळी तिथेच थांबवावी लागते. त्या गोलंदाजांची नावं कुठल्याही यादीत नाहीत. टेबलावर तोफ उभी राहते तेव्हा खोलीत एकदम शांतता होते, आणि मला वाटतं ती त्यांच्यासाठी असते.

१२. आपल्याच पराभवाचा खेळ कशाला करायचा? घरातले मोठे नाराज होतात.

माझे वडीलही नाराज होते. मी त्यांना एवढंच म्हटलं, की आपण राहतो त्या भागाचं नाव लष्कर आहे. १८१० च्या सुमारास दौलतरावांची छावणी इथे पडली आणि तिचंच शहर झालं. कंपू आणि शिंद्यांची छावणी ही नावं आपण रिक्षावाल्याला सांगतो, आणि ती माणसं कशी लढली ते सांगता येत नाही. नुसतं ‘हरलो’ म्हटलं की तो दिवस संपतो. टेबलावर तो तास-तास उलगडतो आणि कुठे हरलो नाही तेही दिसतं. त्यानंतर वडील दोनदा पंच झाले.

१३. इंग्रजांची उजवी बाजू आपोआप गावाकडे भरकटते, हा नियम अन्यायाचा नाही का?

नाही. उजवीकडच्या पहाऱ्याच्या तुकड्या ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याकडे होत्या. त्या सरळ असई गावाच्या तोंडाशी गेल्या आणि ७४ वी त्यांच्यामागे. तिथे त्या पलटणीची दाणादाण उडाली. उरलेल्यांनी चौकोन केला, आणि मॅक्सवेलचं घोडदळ धावून आलं म्हणून ते वाचले. मॅक्सवेल त्याच दिवशी नंतरच्या हल्ल्यात मारला गेला. आमचा नियम : दुसऱ्या खेळीला इंग्रज खेळाडूने फासा टाकायचा, १ ते ३ पडला तर उजव्या तुकड्या ४ इंच गावाकडे. ४ ते ६ पडला तर त्या रांगेत राहतात. म्हणजे त्याला खऱ्या वेलस्लीपेक्षा चांगली संधी मिळते.

१४. शिंदे-भोसल्यांचं हजारो घोडदळ कुठे गेलं? सगळं उतरवलं तर इंग्रज पहिल्याच खेळीत संपतील.

म्हणूनच सगळं उतरवायचं नाही. आमच्या मापाने ३०,००० स्वारांच्या साडेसातशे फिगर होतात, तेवढ्या टेबलावर मावतही नाहीत. ते घोडदळ लांब पल्ल्याच्या धावांचं, रसद तोडण्याचं. गच्च रांगेतल्या पायदळावर समोरून आदळणं हे त्याचं काम नव्हतं. त्यातला मोठा भाग केळनेपलीकडे म्हैसूर आणि पेशव्यांच्या स्वारांनी नुसता नजरेखाली ठेवला होता. पण मोडलेल्या ७४ वीवर मराठी स्वार तुटून पडले, हेही खरं. त्यामुळे ४० फिगर पश्चिम कडेला ठेवा. निम्मे बेस गमावलेली आणि चौकोनात नसलेली पलटण १८ इंचांत दिसली तरच ते हल्ला करतात. इतर वेळी फक्त उभे राहतात.

१५. वेलस्ली मारला गेला तर?

तो ज्या पलटणीबरोबर आहे तिला फटका बसला की दोन फासे टाका. दोन्ही १ पडले तर तो पडला आणि पुढच्या तीन खेळ्या इंग्रजांना नवे हुकूम नाहीत. एकच १ पडला तर घोडा गेला, एक खेळी वाया. त्या दिवशी त्याचे दोन घोडे गेले. उतारावर तर शेजारच्या ऑर्डर्लीचं डोकं गोळ्याने उडालं होतं.

१६. स्टीव्हन्सनची दुसरी फौज आणता येईल का?

मूळ डावात नाही. हा इंग्रज कर्नल दुसऱ्या वाटेने येत होता आणि लढाईच्या दुसऱ्या दिवशी पोचला. वेलस्लीने त्याची वाट न पाहता हल्ला केला, हाच तर त्या दुपारचा जुगार होता.

१७. फासा टेबलावरून खाली पडला, किंवा तिरका अडकला?

पुन्हा टाका. पितळी वाटीत टाकायची सवय लावा, नाहीतर नदीत आणि गावात फासे शोधत बसाल. पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर तोफा त्यांच्या हाती लागू देऊ नका, चाकं तोंडात जातात.

१८. बाराव्या खेळीला निम्म्या तोफा इकडे, निम्म्या तिकडे. निकाल कसा लावायचा?

असं बऱ्याचदा होतं. आधी आडव्या पडलेल्या आणि अजून संधी न वापरलेल्या तोफांचे फासे टाका (प्रश्न ११), शत्रू ३ इंच पुढे गेला नसला तरी. बरोबरी तशीच राहिली तर पोलमनच्या उरलेल्या पलटणी पाहा. त्यातल्या तीन एकमेकींना लागून जुई नदीला पाठ देऊन उभ्या असतील तर एक तेरावी खेळी खेळा. खऱ्या लढाईतही शेवटची फळी तिथेच धरली गेली होती. पलटणी विखुरलेल्या असतील तर अंधार पडला असं धरा, शिंद्यांचं सैन्य जुईपलीकडे गेलं, आणि जागेवर राहिलेल्या तोफा इंग्रजांच्या खात्यात मोजा.